पाटी शेणखताची, गोणी युरियाची

अरे भाच्या, दादानं यंदा वावराचा कारभार तुझ्या हाती दिला, ऐकून बरं वाटलं. थोडं हसूही आलं, कारण त्याच आठवड्यात तुझे दोन फोन आले. पहिल्यांदा म्हणालास, "आत्या, आता गोणीला हात लावणार नाही, सगळं सेंद्रिय." चार दिवसांनी म्हणालास, "आत्या, खतवाला म्हणतो युरियाशिवाय कांदा पोसतच नाही." दोन्ही वेळा आवाज तितकाच ठाम!

मी काही शेती शिकवणारी बाई नाही. पण माहेरी शेणखताच्या पाट्या डोक्यावरून वाहिल्यात, आणि लग्नानंतर सगळा जन्म भायखळ्याच्या भाजी मंडईत गेला. १९९६ साली घाऊक भाजीबाजार वाशीला गेला, आम्ही किरकोळवाले इथंच राहिलो. जुन्नर, आंबेगाव, खेडची भाजी उतरताना बघून बघून जुडी हातात घेतली की वावरात काय पडलं होतं ते बऱ्यापैकी कळतं. त्या जोरावर बोलते. ज्या पक्षाचा झेंडा हातात असेल तो जरा खाली ठेव, चहा घे, आणि एकेक ऐक.

१. उन्हाळ कांदा निघाला की पहिल्यांदा माती तपासायला दे, खताची यादी नंतर — खत टाकून तीन महिने झाले नसतील तर तो नमुना मातीचा नसतो, खताचाच असतो.

२. वावरात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी पाचरीच्या आकाराचे वीतभर खोल खड्डे घे, कडेची माती खरवडून एकत्र कर, आणि चार वाटे करून दोन टाकत टाकत अर्ध्या किलोवर आण — एका खड्ड्याची माती फक्त त्या खड्ड्याची हकिकत सांगते.

३. उकिरड्याजवळची, बांधालगतची, विहिरीपाशी आणि झाडाखालची माती घेऊ नकोस — तिथं जनावरं बसतात, पाला पडतो. वावर गरीब असलं तरी तपासणीचा कागद श्रीमंत येतो.

४. कागद आला की नुसता फायलीत घालू नकोस, नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात नेऊन समजून घे — तिथली माणसं तुमच्याच तालुक्याची माती रोज बघतात, माझ्यासारखी लांबून बोलत नाहीत.

५. त्यात सेंद्रिय कर्बाचा आकडा आधी शोध: ०.५ टक्क्याच्या खाली असेल तर कमी, ०.७५ च्या वर असेल तर चांगला — कर्ब कमी असलेल्या जमिनीत महागडं खतही पाण्याबरोबर निघून जातं. माती उपाशी, तर गोणी फुकाची.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगते. रात्री तुमच्या गावातून निघालेला टेम्पो पहाटे इकडं पोचतो. त्यात कोथिंबीर, फ्लॉवर, टोमॅटो दिसतात. पण त्यांच्या पोटात तुझ्या वावरातलं नत्र, स्फुरद, पालाशही आलेलं असतं. आम्ही विकतो, लोक खातात, देठं-साली कचऱ्याच्या गाडीत जातात. देवनारचं डम्पिंग १९२७ पासूनचं. वर्षानुवर्षं मुंबईचा कचरा तिथं गेला, त्यातलं तुमच्या जुन्नरला काय परत आलं? पूर्वी शहरातला मैला सोनखत होऊन शेताकडं जाई. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या आसपासचा ऊस त्यावर पिकायचा. ती वाट कधीच बंद झाली.

म्हणून कुणी म्हणालं, "आमच्या आज्यानं कधी गोणी आणली नाही," तर त्याला विचार, आज्याचा माल जायचा कुठं? घरात खाल्ला, गोठ्यात घातला, उकिरड्यावरून पुन्हा वावरात आला. तू माल मुंबईला विकतोस, तर गेलेलं भरून आणावं लागणार. आणि गंमत बघ, ती भरपाईही मुंबईहूनच येते. चेंबूरच्या बाजूला आरसीएफचा कारखाना आहे ना, तिथं १९६५ पासून खत बनतंय. सुफला १५:१५:१५ ची रिकामी गोणी तुमच्या ओसरीवर पायपुसणं म्हणून मी स्वतः पाहिली आहे.

हिशेबच मांडू. कांद्याला हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश ही आपल्याकडची नेहमीची शिफारस, शेणखत वेगळं. एकराला धर ४० किलो नत्र. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे ४५ किलोच्या गोणीत पावणेएकवीस किलोच्या आसपास. दोन गोण्यांत भागलं, आणि गोणी २६६ रुपये ५० पैशांना. तेच नत्र शेणखतातून आणायचं तर चांगल्या कुजलेल्या खतातही ते जेमतेम अर्धा टक्का, म्हणजे आठ टन शेणखत. त्यातही पहिल्या वर्षी पिकाच्या हाती साधारण तिसरा हिस्सा लागतो, बाकीचं पुढच्या पिकांना. नुसत्या शेणखतावर पहिलंच वर्ष काढायचं म्हटलं तर चोवीस टन. तुझ्या दारात दोन गाई आणि एक कालवड. त्यांनी बिचाऱ्यांनी काय करावं?

पण उलट बाजूही बघ. युरियाच्या त्या दोन गोण्यांनी कर्ब काडीभर वाढत नाही. जमीन भुसभुशीत राहावी, पावसाची ओल चार दिवस जास्त टिकावी, गांडूळ जगावं, यासाठी त्यात काहीच नाही. जस्त, लोह, बोरॉन यांचाही पत्ता नाही. आमच्या गिरणगावच्या भाषेत सांगू? युरिया हा महिन्याचा पगार आणि शेणखत हा फंड. नुसत्या फंडावर महिना निघत नाही, आणि नुसत्या पगारावर म्हातारपण.

हे माझ्या पदरचं नाही. इंग्लंडात रोथमस्टेडला १८४३ पासून एकाच वावरात गहू घेतात. एका पट्ट्याला शेणखत, दुसऱ्यांना रासायनिक खत, एकाला काहीच नाही. भरपूर खत मिळालेल्या पट्ट्यांचं उत्पन्न शेणखताच्या पट्ट्याच्या तोडीस तोड येतं. पण शेणखताच्या पट्ट्यातला कर्ब दुपटीच्या वर गेलाय. पिकाच्या मुळाला नत्र शेणातून आलं की गोणीतून, याच्याशी देणंघेणं नसतं, मातीला असतं. आणि एका रात्रीत गोणी बंद केली तर काय होतं ते श्रीलंकेनं बघितलं: २०२१ च्या उन्हाळ्यात रासायनिक खताची आयात बंद केली, भाताचं पीक पडलं, चहाला फटका बसला, नोव्हेंबरात हुकूम मागं घ्यावा लागला. तिथं सरकार होतं, तुझ्या मागं फक्त दादा आहे.

तर आधी शेणखताचं, कारण त्यात लोक सगळ्यात जास्त आळस करतात.

६. कुजलेलंच घाल: मूठ दाबली तर हाताला ऊब लागू नये, शेणाचा वास येऊ नये, काडी ओळखू येऊ नये — काडीकचऱ्याचं कच्चं खत वावरात कुजायला लागलं की ते कुजवणारे जीव पिकाच्या तोंडचं नत्र आधी खातात, आणि पीक पिवळं पडलं म्हणून तू युरिया आणायला पळतोस. शेण शिळं बरं, भाजी ताजी बरी.

७. कच्च्या शेणाचं दुसरं दुखणं हुमणी. ढीग उकरताना पांढऱ्या अळ्या दिसल्या तर वेचून काढ, खत तसंच ओढू नकोस — भुंगेरे कच्च्या ढिगात अंडी घालतात, आणि तू ट्रॉलीचं भाडं देऊन त्यांना वावरात नेऊन सोडतोस.

८. चैत्रात ट्रॉल्या ओतून वावरभर छोटे छोटे ढीग करायचे आणि मृगापर्यंत तसेच ठेवायचे, ही आपल्याकडची जुनी खोड सोड. ज्या दिवशी पसरशील त्याच दिवशी कुळवाची पाळी घाल — दोन महिन्यांच्या उन्हात नत्र उडून जातं आणि मागं उरतो तो भुसा.

९. उकिरडा सावलीत, खड्ड्यात कर आणि गोठ्यातलं मूत पाचोळ्यात मुरवून त्यात घाल — शेणापेक्षा मुतात नत्र जास्त असतं, आणि आपण तेच मोरीतून वाहू देतो.

१०. चुलीची राख उकिरड्यावर फेकू नकोस, वेगळी ठेवून थेट वावरात टाक — राखेत पालाश आहे म्हणून ती चांगली, पण शेणात मिसळली की नत्राचा वायू करून उडवते.

११. शेण कमी आणि काडीकचरा जास्त असेल तर नाडेपचा हौद बांध: दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, विटांमध्ये हवेला भोकं ठेवून — शंभर किलो शेणाच्या बळावर काडीकचरा आणि चाळलेली माती मिळून तीन-चार महिन्यांत जवळपास तीन टन खत होतं, असा त्याचा हिशेब आहे.

ही पद्धत आपल्याच पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांची. नावाची अक्षरं जोडून नाडेप झालं. दोन गाईवाल्यासाठी याहून सोयीचं काही नाही. हौद बांधायला खर्च येतो म्हणून कुरकुरू नकोस, मोबाइल तू दर दोन वर्षांनी बदलतोसच.

१२. धनगरांचा कळप गावाकडं आला की वावरात दोन-चार रात्री मेंढ्या बसवायचं ठरवून टाक, आणि ठरलेलं धान्य-पैसे वेळेवर दे — लेंडी आणि मूत जागच्या जागी पडतं, वाहतूक नाही, आणि पुढच्या वर्षी कळप तुझ्याच बांधावर थांबतो.

१३. कोंबडीखत मिळालं तर हुरळून जाऊ नकोस. कुजवून, शेणखताच्या निम्म्याहूनही कमी घाल — ते फार तेज असतं, कच्चं पडलं तर कोवळी मुळं भाजतात.

१४. वावर रिकामं असेल तर ताग किंवा धैंचा फेक आणि फुलावर यायच्या आत, चाळीस-पंचेचाळीस दिवसांत गाडून टाक — फूल आलं की खोड जून होतं आणि कुजायला महिना जास्त घेतं.

१५. बांधावर गिरिपुष्पाच्या फांद्या खोचून दे, पाला छाटून वाफ्यात घालत जा — त्याला पाणी घालावं लागत नाही, कुणी मत्सरही करत नाही.

१६. पाचट, काड, वेल जाळू नकोस — अर्ध्या तासात जे जळतं ते परत आणायला ट्रॉलीला पैसे मोजतोस.

आता गोणी. गोणीला शिव्या देणारे आणि गोणीची पूजा करणारे, दोघेही तिच्यावरचं छापलेलं वाचत नाहीत. तू वाच.

१७. युरिया कोरड्या जमिनीवर, टळटळीत उन्हात फोकू नकोस. वाफसा असताना टाक, मातीत मिसळ आणि हलकं पाणी दे — नाहीतर अमोनियाचा वायू होऊन तुझे पैसे निमगिरीच्या डोंगरावरून उडत जातात. निमकोटेड असला म्हणून हा नियम सुटत नाही.

१८. कांद्याचं अर्धं नत्र लागणीला दे, उरलेलं दोन हप्त्यांत, महिन्याला एक आणि दीड महिन्याला एक — रोपाचं तोंड लहान असतं, एकदम ओतलेलं पाण्याबरोबर खाली निघून विहिरीत जातं, आणि तेच पाणी घरात पितो आपण.

१९. सकाळी दव असताना फोकू नकोस, आणि खोडाशी ढीग करू नकोस — दाणे ओल्या पानाला चिकटतात आणि तिथं करपल्याचे डाग पडतात.

२०. सुपर फॉस्फेट मात्र लागणीआधीच, मुळं पोचतील तिथं मातीआड कर, जमल्यास शेणखतात कालवून — स्फुरद पडल्या जागेवरून हलत नाही, आणि चुनखडीच्या जमिनीत तर शेणखताच्या सोबतीनंच थोडंफार मोकळं राहतं.

२१. कांद्याला डीएपीपेक्षा सुपरकडं आधी बघ — सुपरमध्ये स्फुरद १६ टक्केच, पण सोबत ११ टक्के गंधक येतं, आणि कांद्याचा तिखटपणा गंधकावर आहे. डीएपीत स्फुरद ४६ आणि नत्र १८, गंधक नाही. टाकलंच तर तेवढं नत्र युरियातून वजा कर.

२२. युरिया आणि सुपर मिसळून रात्रभर ठेवू नकोस, मिसळलं की लगेच टाकून मोकळा हो — सकाळी त्याचा चिकट गोळा झालेला असतो, हातानं फुटत नाही आणि सारखा पडत नाही.

२३. ठिबकच्या टाकीत कॅल्शियम नायट्रेट आणि स्फुरदाचं विद्राव्य खत एकत्र ओतू नकोस, वेगळ्या दिवशी सोड — दोघांचा साका होऊन तळाशी बसतो आणि ड्रिपरची तोंडं बुजतात.

२४. रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर, ट्रायकोडर्मा ही पाकिटं रासायनिक खतात कालवू नकोस. बियाण्याला आधी औषध, सगळ्यात शेवटी जिवाणू, दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम, आणि सावलीत सुकव — ते जिवंत आहेत रे, युरियाच्या गोणीत त्यांना कोंडल्यावर कोण वाचणार?

२५. खत घेताना पक्कं बिल घे, गोणीची शिलाई बघ आणि वजन वाच. युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची आहे — पन्नासाच्या हिशेबानं टाकलंस तर दर गोणीमागं पाच किलोची चूक. युरियाबरोबर नको असलेली बाटली गळ्यात मारली तर हसून "पुढच्या खेपेला" म्हण. "सेंद्रिय" छापलेल्या काळ्या दाण्यांच्या गोणीलाही हाच न्याय, आत काय किती टक्के ते छापलेलं नसेल तर ठेवून दे.

आणि हे माझ्या टोपलीपाशी बसून सांगते. कोथिंबीर घे. युरिया जास्त झालेली जुडी दुरून फार देखणी: काळपट हिरवी, हातभर उंच, पानं रुंद. हातात घेतलीस की देठ फुगीर लागतं, नखानं दाबलं तर पाणी सुटतं. सकाळी सहाला राणी दिसणारी ती दुपारी एकला मान टाकते, आणि जुडीच्या मधोमध, जिथं सुतळी बांधलेली असते, तिथं चिकट काळपट होऊन वास मारते. बेतानं खाल्लेली जुडी बुटकी असेल, रंगही जरा फिका. पण संध्याकाळी पाणी शिंपडलं की पुन्हा उभी राहते आणि तिचा वास शेजारच्या टोपलीपर्यंत जातो. गिऱ्हाईक पहिल्या दिवशी हिरवीगार उचलतं. दुसऱ्या दिवशी येऊन माझ्याशी भांडतं, आणि तिसऱ्या दिवशी मी त्या शेतकऱ्याचा माल घेत नाही. पान डोलतं, गिऱ्हाईक बोलतं.

मेथीचं तेच. टोमॅटोला नत्र जास्त झालं की झाड माजतं, फळ मागं पडतं, आणि बुडाला काळा डाग येतो तो बहुतेकदा कॅल्शियम न पोचल्याचा असतो. अशा वेळी आणखी नत्र देणं म्हणजे आगीत रॉकेल. कांद्याचं दुखणं उशिरा कळतं.

२६. लागणीपासून दीड-दोन महिने झाले की कांद्याला युरिया बंद म्हणजे बंद, शेजाऱ्यानं टाकला तरी — उशिराचं नत्र मान जाड करतं, जाड मान सुकत नाही, आणि बराखीत तिथूनच सड शिरते, कोंब येतात. भाव वाढेपर्यंत थांबायचं असेल तर कांदा थांबणारा हवा ना.

२७. बराखीत घालताना कुठल्या वाफ्याला काय टाकलं ते पाटीवर लिहून लाव, आणि गणपतीत उघडशील तेव्हा वाफ्याप्रमाणे सड बघ — कुठल्या कंपनीच्या माणसापेक्षा तो ढीग तुला खरं सांगेल.

२८. एक कोपरा, पाच-दहा गुंठे, फक्त सेंद्रियवर ठेव आणि दोन-तीन वर्षं चिकाटीनं ठेव. बाकीच्या वावरात शेणखत वाढवत गोणी हळूहळू कमी कर — पहिल्या वर्षी उत्पन्न खाली येतंच, सगळ्या वावरात ते सोसवणार नाही, कोपऱ्यात सोसवेल.

२९. मालाला "सेंद्रिय" म्हणायची घाई करू नकोस — प्रमाणपत्रासाठी हंगामी पिकाला दोन वर्षं आणि बारमाही पिकाला तीन वर्षं संक्रमणाचा काळ धरतात, आणि तोवर आपण मिरवलं तर गिऱ्हाईक एकदा फसतं, कायमचं जातं.

मंडईत बाया मला विचारतात, "मावशी, ही युरियाची आहे का हो?" त्यांना भीती असते फवाऱ्याची आणि नाव घेतात खताचं. त्यांचं चालतं. तू मात्र दोन्हींत घोटाळा करू नकोस: एखादा गोणी अजिबात न टाकता आदल्या दिवशी औषध मारून भाजी पाठवतो, तर ती खायला गोणीवाल्या भाजीपेक्षा वाईट. फवारणीनंतर किती दिवस तोडायचं नाही ते डब्यावर लिहिलेलं असतं, तेवढे दिवस थांब.

आता जिवामृताचं, कारण तू दोनदा विचारलंस आणि मी दोनदा विषय बदलला. त्याचा प्रसार करणारे सुभाष पाळेकर आपल्या अमरावतीकडचे, बेलोऱ्याचे; २०१६ ला पद्मश्री मिळाली. त्यांच्यामुळं पुष्कळ शेतकऱ्यांचा कर्जाचा फास सैल झाला असेल, त्याला माझा नमस्कार. पण कृती बघ: दहा किलो शेण, पाच-दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, मूठभर बांधाची माती आणि दोनशे लिटर पाणी, एका एकराला. त्या सगळ्यात मिळून नत्र भरेल पाव किलोच्या आसपास. कांद्याला हवं चाळीस किलो. पाळेकरही ते अन्न म्हणून देत नाहीत, मातीतले जीव जागे करायला देतात. माझं मत विचारशील तर खुशाल घाल, पण जागे झालेल्या जिवांना खायला काहीतरी लागेल: आच्छादन, शेणखत, पालापाचोळा. विरजण घातलं, दूधच नाही, तर दही कशाचं लागणार?

खिडकीतल्या कुंड्यांविषयी तुझ्या बायकोनं विचारलंय, तिला हे वाचून दाखव.

३०. कुंडीत गोणीचं खत चिमटीनं, ओल्या मातीत, आणि महिन्यातून एकदाच — कुंडीची माती ओंजळभर, जास्त झालेला क्षार जायला जागा नाही. पानांच्या कडा तपकिरी पडल्या की समजावं.

३१. साखर-दुधाची चहापत्ती धुऊनच घाल, आणि अंड्याची कवचं कुटून घाल — गोडाला मुंग्या येतात, आणि अख्खं कवच वर्षभर तसंच तुझ्याकडं बघत राहतं.

३२. भर पावसात खत घालू नकोस, भाद्रपदात सुरू कर — इथं मुंबईत तर आषाढातली एक झड महिन्याचं खत खालच्या मजल्यावर पोचवते, आणि वर बोलणीही खायला लागतात.

३३. राणीच्या बागेत दरवर्षी थंडीच्या सरत्या दिवसांत पालिकेचं झाडं-फुलं-फळं-भाज्यांचं प्रदर्शन भरतं, तेव्हा दोघं इकडं या — बाग १८६२ पासूनची आहे, माळी पिढीजात आहेत, आणि विचारलं की ते हातचं न राखता सांगतात.

भाच्या, एवढं सगळं लक्षात राहणार नाही, मला ठाऊक आहे. तुझ्या बापाच्याही राहिलं नाही. तर निदान एक कर. कांदा काढून वावर मोकळं झालंय, अजून पाऊस लांब आहे. या आठवड्यात मातीचा नमुना दे, आणि तो कागद हातात आल्याशिवाय यंदा दुकानातून एकही गोणी उचलू नकोस.